दुहेरी चौकटी कंसातील जुळणी : शेलमधील एका चुकीचा पूर्वेतिहास

युनिक्स आणि तिच्या कुळातील संगणक प्रणालींमध्ये वापरकर्त्याने टंकलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात, आणि अशा आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या की त्या फाइलीला शेल स्क्रिप्ट हे नाव मिळते. स्क्रिप्टमध्ये पुढचे काम करावे की नाही हे ठरवण्यासाठी अट लिहावी लागते. आणि हाती आलेला मजकूर अमुक एका साच्यात बसतो का, म्हणजे तो केवळ अंकांचा आहे का किंवा तारखेच्या स्वरूपात आहे का, हे तपासायचे असेल तर त्या अटीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराच्या आकाराचे चिन्हांनी केलेले वर्णन, घालावे लागते. या ठिकाणी होणाऱ्या चुकांचे एक ठरावीक लक्षण असते : साचा बरोबर दिसतो, मजकूरही बरोबर असतो, आणि तरीही अट खोटी ठरते, बहुधा कोणतीही तक्रार न नोंदवता. अशा चुकांचा दोष सामान्यतः लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो. परंतु या चुका बारकाईने पाहिल्या तर त्यांतील बहुतेकांना जन्मसाल आहे असे आढळते. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या गरजांसाठी केलेले निर्णय एकाच ओळीत येऊन बसले आणि तेथे ते परस्परांशी विसंगत ठरले, ही त्यांची खरी मीमांसा आहे. म्हणून दोष शोधण्याचे काम येथे बऱ्याच अंशी कालनिर्णयाचे काम होते.

रेग्युलर एक्स्प्रेशनचा उगम संगणकाच्या वापरात नाही, तर गणितात आहे. वॉरन मॅक्कलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी 1943 मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याचे एक तार्किक प्रतिमान मांडले होते. अशी जाळी कोणत्या घटनाक्रमांना प्रतिसाद देऊ शकतात, या प्रश्नाचा विचार अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी 1951 च्या उन्हाळ्यात रँड कॉर्पोरेशनमध्ये केला आणि त्यांचा निबंध 1956 मध्ये स्वयंचलित यंत्रांविषयीच्या एका संपादित ग्रंथात छापला गेला. एकापुढे एक ठेवणे, दोहोंपैकी एक निवडणे आणि एखादी गोष्ट शून्य किंवा अधिक वेळा पुन्हा घडणे, या तीन क्रियांनी जे वर्णिता येते त्याला क्लेनींनी नियमित म्हटले. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी तारांकन वापरले. या तारांकनाचा अर्थ त्याच्या आधी आलेल्या घटकावर अवलंबून असतो. एकट्या तारांकनाला काही अर्थ नाही. ही बाब पुढील सर्व इतिहासात महत्त्वाची आहे.

गणितातील ही कल्पना मजकूर शोधण्याच्या कामाला लावली ती केन थॉम्पसन यांनी. बर्कली येथे पीटर डॉइच व बटलर लॅम्पसन यांनी क्यूईडी नावाचा मजकूर-संपादक तयार केला होता. थॉम्पसन यांनी तो एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीसाठी नव्याने लिहिताना त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनने शोध घेण्याची सोय केली, आणि 1968 च्या जूनमध्ये त्या शोधाची रीत एका छोट्या लेखात प्रसिद्ध केली. दिलेल्या साच्याचे आयबीएम 7094 या यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करून तो साचाच एक छोटा प्रोग्राम बनवायचा, अशी ती रीत होती. पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स आकाराला आली तेव्हा तिच्या एड या संपादकात हीच सोय अधिक आटोपशीर रूपात आली आणि एडमधूनच 1973 च्या सुमारास ग्रेप हा स्वतंत्र शोधक निघाला. एड हा ओळींचा संपादक होता : तो मजकूर ओळीओळीने हाताळत असे, पडद्यावर पानभर मजकूर दाखवत नसे. त्यामुळे कॅरेट, म्हणजे ^ हे चिन्ह, ओळीची सुरुवात आणि डॉलरचे चिन्ह ओळीचा शेवट दाखवू लागले. ओळ हेच शोधाचे एकक, हे गृहीत तेव्हा इतके स्वाभाविक होते की ते वेगळे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच काळात साच्यांची दुसरी भाषाही निर्माण झाली. 1971 च्या पहिल्या युनिक्समध्ये एकाच वेळी अनेक फाइलींची नावे सांगण्यासाठी ग्लॉब नावाचा एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम होता. आज्ञेत तारांकन किंवा प्रश्नचिन्ह दिसले की शेल ते काम ग्लॉबकडे सोपवत असे आणि ग्लॉब त्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरून देत असे. या भाषेत तारांकनाचा अर्थ कोणताही मजकूर असा आहे आणि तो स्वयंपूर्ण आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि ठिपका म्हणजे केवळ ठिपका. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये कोणतेही एक अक्षर ठिपक्याने दाखवतात आणि तारांकन मागच्या घटकाची पुनरावृत्ती करते. फाइलींच्या नावांत ठिपका वारंवार येत असल्याने ग्लॉबची निवड त्या कामापुरती शहाणपणाचीच होती. तथापि तीच चिन्हे, तीच प्रणाली आणि दोन भिन्न अर्थ, अशी जी स्थिती तेव्हा निर्माण झाली ती आजतागायत टिकून आहे. आणखी एक भेद त्याहून सूक्ष्म आहे. ग्लॉबचा साचा संपूर्ण नावाला लागू पडावा लागतो, तर रेग्युलर एक्स्प्रेशन मजकुरात कोठेही जुळले तरी पुरते. अंक तपासणारी [0-9]+ ही अट लिहून कोणी समाधान मानले, तर मध्ये कोठेतरी एक अंक असलेला कोणताही मजकूर तिच्यातून पार होतो. ^ आणि $ या दोन खुंट्या दोन्ही टोकांना ठोकल्यानंतरच ती अट संपूर्ण मजकुराविषयी बोलू लागते.

शेलमधील अट मात्र या दोन्ही भाषांपेक्षा उशिरा परिपक्व झाली. आरंभीच्या शेलमध्ये अट तपासणारी इफ ही आज्ञासुद्धा शेलबाहेरचा एक स्वतंत्र प्रोग्राम होती. 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल आला तेव्हा इफ हा भाषेचा अंगभूत भाग झाला. परंतु त्याने तपासायचे काय, तर इफच्या पुढे लिहिलेली आज्ञा यशस्वी झाली की अयशस्वी, एवढेच. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते, ज्याला एक्झिट स्टेटस म्हणतात. शून्य म्हणजे यश आणि शून्येतर कोणताही अंक म्हणजे अपयश. प्रत्यक्ष तुलना करण्याचे काम टेस्ट नावाच्या वेगळ्या आज्ञेकडे होते आणि उघडणारा चौकटी कंस हे त्याच आज्ञेचे दुसरे नाव होते. गणिती कंसासारखे दिसणारे हे चिन्ह वस्तुतः एका आज्ञेचे नाव आहे, म्हणून त्याच्या पुढे मोकळी जागा सोडावीच लागते, आणि त्याच्या पोटात लिहिलेले सर्व शब्द आधी शेलच्या नेहमीच्या प्रक्रियेतून जातात : चलाच्या, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाच्या, जागी त्याची किंमत येते, त्या किमतीत मोकळ्या जागा असतील तर तिचे तुकडे होतात, आणि तारांकन असेल तर त्याच्या जागी फाइलींची नावे येऊन बसतात. या तुकड्यांपासून वाचण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे प्रत्येक चल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवणे. शेल शिकवणाऱ्या प्रत्येकाने तेव्हापासून हा नियम शिकवला आणि तो योग्यच होता. पुढे ज्या चुकीने सर्वाधिक लोकांना छळले ती या योग्य नियमाच्याच पोटी जन्मली.

बॉर्न यांच्या शेलमध्ये साच्याने तुलना करण्याच्या दोन वाटा होत्या. अनेक पर्यायांतून एक निवडणारी केस ही रचना ग्लॉबच्या भाषेत बोलत असे, तर एक्स्प्र नावाची स्वतंत्र आज्ञा अपूर्णविरामाच्या चिन्हाने रेग्युलर एक्स्प्रेशनची जुळणी करून देत असे. एक्स्प्रचा साचा मजकुराच्या सुरुवातीलाच जखडलेला असतो, शेवटाला मात्र नाही. म्हणजे संपूर्ण जुळणी आणि कोठेही जुळणी यांच्या मधली ती तिसरीच तऱ्हा झाली. याशिवाय मजकूर ग्रेपकडे पाठवून त्याचे एक्झिट स्टेटस तपासणे ही वाट होतीच, आणि दीर्घकाळ तीच सर्वाधिक रुळलेली होती.

बेल प्रयोगशाळेतीलच डेव्हिड कॉर्न यांनी आपल्या शेलच्या 1988 च्या आवृत्तीत दुहेरी चौकटी कंस आणला. वरून पाहता कंस दुप्पट झाला एवढेच दिसते. प्रत्यक्षात येथे मूलभूत फरक पडला. दुहेरी कंस ही आज्ञा नाही, ती भाषेची रचना आहे, आणि शेल तिच्या पोटातला मजकूर वेगळ्या नियमांनी वाचतो : चलाच्या किमतीचे तुकडे होत नाहीत आणि तारांकनाच्या जागी फाइलींची नावे येत नाहीत. त्यामुळे डाव्या बाजूच्या चलाला अवतरणचिन्हे घालण्याची गरज उरली नाही. उजव्या बाजूला ग्लॉबचा साचा लिहिता येऊ लागला आणि तेथे कॉर्न यांनी एक मोलाचा भेद केला : अवतरणचिन्हांत नसलेली तारांकनासारखी चिन्हे साचा म्हणून वाचायची, आणि अवतरणचिन्हांत ठेवलेली चिन्हे जशीच्या तशी, केवळ अक्षरे म्हणून जुळवायची. बॉर्न शेलमध्ये अवतरणचिन्हे मुख्यतः संरक्षणासाठी होती. येथे ती अर्थ बदलू लागली. हा भेद तर्कशुद्ध होता, कारण ज्याला खरेच तारांकन शोधायचे आहे त्याला त्याशिवाय गत्यंतर नव्हते.

दरम्यान रेग्युलर एक्स्प्रेशनची भाषाही वाढत होती, आणि वाढताना दुभंगत होती. एडच्या व ग्रेपच्या भाषेत गट करण्यासाठीच्या कंसाआधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, द्यावी लागे आणि अधिक चिन्हाला विशेष अर्थ नव्हता. आल्फ्रेड एहो यांच्या ईग्रेपमध्ये कंस, अधिक चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि पर्याय दाखवणारी उभी रेघ ही चिन्हे बॅकस्लॅशविना विशेष झाली. 1992 च्या पॉझिक्स मानकाने, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींनी समान वागावे यासाठी आखलेल्या नियमावलीने, या दोघांपैकी एक निवडण्याऐवजी दोन्हींना मान्यता दिली. पहिली मूलभूत आणि दुसरी विस्तारित म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याआधीच, 1977 मध्ये, एहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांच्या ऑक या भाषेत जुळणीसाठी टिल्ड, म्हणजे ~ हे चिन्ह, वापरले गेले होते, आणि 1987 च्या अखेरीस लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत =~ हे जोडचिन्ह दिसले. पर्लने रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये पुष्कळ नवी भर घातली. अंकासाठी बॅकस्लॅशपुढे डी, मोकळ्या जागेसाठी एस, शब्दातील अक्षरासाठी डब्ल्यू, अशी लघुरूपे आणि जुळणी शक्य तितकी आखूड ठेवण्याची सोय तिच्यामुळे इतकी लोकप्रिय झाली की पुढच्या पिढीतील बहुतेक प्रोग्रामरांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे पर्लचेच रेग्युलर एक्स्प्रेशन वाटू लागले.

या सर्व धारा बॅशमध्ये एकत्र आल्या. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश 1989 मध्ये प्रकाशित झाला आणि नंतर त्याची धुरा क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील चेट रेमी यांच्याकडे आली, ती अनेक दशके त्यांच्याकडेच राहिली. 1998 च्या 2.02 आवृत्तीत बॅशने कॉर्न शेलचा दुहेरी कंस स्वीकारला, आणि जुलै 2004 च्या 3.0 आवृत्तीत त्या कंसात =~ हे चिन्ह आले. आता स्क्रिप्टला जुळणीसाठी ग्रेप किंवा एक्स्प्रकडे जाण्याची गरज उरली नाही. जुळलेला भाग आणि कंसांनी केलेले गट बॅश_रीमॅच नावाच्या यादीत आपोआप मिळू लागले. चिन्ह पर्लचे, साच्याची भाषा पॉझिक्सची विस्तारित, कंस कॉर्न यांचा आणि लिहिणाऱ्याच्या सवयी बॉर्न शेलच्या : एका ओळीत चार वारसे असे एकत्र नांदू लागले.

पहिल्या दोन आवृत्त्यांत एक प्रश्न अनिर्णित होता. साचा अवतरणचिन्हांत लिहिला तर त्याचा अर्थ काय, हे 3.0 आणि 3.1 मध्ये निश्चित केलेले नव्हते; व्यवहारात अवतरणचिन्हे काढून टाकली जात आणि आतला मजकूर साचा म्हणून वाचला जाई. सगळे काही अवतरणचिन्हांत ठेवावे ही शिकवण अंगवळणी पडलेल्या लोकांनी स्वाभाविकपणे "^[0-9]+$" असे लिहिले, ते चालले, आणि तशा स्क्रिप्ट जगभर पसरल्या. परंतु ही स्थिती आतून खिळखिळी होती. दुहेरी अवतरणचिन्हांत शेल स्वतः बॅकस्लॅशचा अर्थ लावतो आणि रेग्युलर एक्स्प्रेशनलाही बॅकस्लॅश हवा असतो, त्यामुळे ठिपका किंवा तारांकन जसेच्या तसे शोधायचे तर किती बॅकस्लॅश द्यावेत याचा हिशेब बिघडत असे; शिवाय त्याच कंसात ग्लॉबच्या तुलनेत अवतरणचिन्हे चिन्हांचा विशेष अर्थ काढून घेत आणि =~ नंतर तीच अवतरणचिन्हे काहीच करत नसत. ऑक्टोबर 2006 च्या 3.2 आवृत्तीने ही विसंगती मिटवली : साच्याचा जो भाग अवतरणचिन्हांत असेल तो यापुढे केवळ अक्षरे म्हणून जुळवला जाईल. कॉर्न यांचा नियम अशा रीतीने रेग्युलर एक्स्प्रेशनलाही लागू झाला.

तत्त्वतः हा निर्णय योग्य होता, आणि व्यवहारात तो फार महाग पडला. 3.1 मध्ये बिनबोभाट चालणारी "^[0-9]+$" ही अट 3.2 मध्ये अंकांऐवजी कॅरेटपासून डॉलरपर्यंतच्या त्या आठ अक्षरांचाच शब्दशः शोध घेऊ लागली, आणि तो मजकूर कोणाच्याही माहितीत नसल्याने अट नेहमीच खोटी ठरू लागली. व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून शेलने कोणताही संदेश दिला नाही. ज्या स्क्रिप्टमध्ये जुळणी अयशस्वी झाल्यास काही न करता पुढे जायचे असे लिहिले होते, ती स्क्रिप्ट आपले काम सोडून शांतपणे पुढे जाऊ लागली. अर्थ निश्चित नसलेल्या गोष्टीवर लोक विसंबतात तेव्हा ती गोष्ट अलिखित करारच बनते. ती बदलताना किमान एक इशारा छापला असता, तर पुष्कळांचे पुष्कळ कष्ट वाचले असते. फेब्रुवारी 2009 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीत जुने वर्तन परत मिळवून देणारा कॉम्पॅट31 हा पर्याय देण्यात आला, परंतु तोवर बहुतेकांनी आपल्या स्क्रिप्ट दुरुस्त केल्या होत्या किंवा टाकून दिल्या होत्या.

दुरुस्तीचा जो मार्ग टिकला तो या इतिहासाशी सुसंगत आहे. साचा आधी एका चलात, एकेरी अवतरणचिन्हांत लिहून ठेवायचा आणि दुहेरी कंसात ते चल अवतरणचिन्हांविना वापरायचे. एकेरी अवतरणचिन्हांत शेल कशालाही हात लावत नाही, म्हणून बॅकस्लॅश सुरक्षित राहतात. दुहेरी कंसात चलाचे तुकडे होत नाहीत, म्हणून साच्यातील मोकळ्या जागाही सुरक्षित राहतात. आणि या लेखनाचा अर्थ 2006 च्या आधीच्या व नंतरच्या दोन्ही आवृत्त्यांत एकच निघतो. साचा थेट कंसात लिहिला तर मोकळी जागा, अर्धविराम, आणि-चिन्ह किंवा लहान-मोठ्याची खूण यांना शेल आपल्या व्याकरणाची चिन्हे समजतो आणि मग संपूर्ण ओळच व्याकरणदुष्ट ठरते. चूक आहे तेथे काय चालले आहे हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर बॉर्न यांच्या शेलपासून चालत आलेला माग काढण्याचा पर्याय, म्हणजे सेट या आज्ञेला उणे चिन्हासह एक्स हे अक्षर देणे, आजही सर्वांत उपयोगी आहे : बॅश प्रत्येक आज्ञा पार पाडण्याआधी छापून दाखवतो, आणि अवतरणचिन्हांमुळे निःशस्त्र झालेल्या प्रत्येक चिन्हाआधी त्या छापील ओळीत बॅकस्लॅश दिसतो. ^ च्या आधी बॅकस्लॅश दिसला की निदान झालेच.

एक्झिट स्टेटसच्या बाबतीतला दोष याहूनही जुना आहे. जुळणी झाली तर शून्य, झाली नाही तर 1 आणि साचाच चुकीचा असेल, उदाहरणार्थ उघडलेला कंस बंद केलेला नसेल, तर 2, अशी =~ ची व्यवस्था आहे; ग्रेपही असाच वागतो. परंतु इफ केवळ शून्य आणि शून्येतर एवढाच भेद जाणतो. त्यामुळे मजकूर साच्यात बसला नाही आणि साचा मुळात साचाच नव्हता, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी स्क्रिप्टला एकच वाटतात. अट संशयास्पद वाटली तर ती इफच्या बाहेर एकटी चालवून तिचे एक्झिट स्टेटस पाहणे, हा यावरचा साधा उपाय आहे, आणि तो फार कमी लोक करतात याचे आश्चर्य वाटते.

स्क्रिप्ट ज्या शेलमध्ये चालते तो बॅशच आहे हे गृहीतही 2006 मध्येच मोडले. ज्या महिन्यात बॅशची 3.2 आवृत्ती आली त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्स-प्रणालीची 6.10 आवृत्ती प्रकाशित झाली, आणि तिने प्रणालीचा सामान्य शेल म्हणून बॅशऐवजी डॅश नावाचा लहान व वेगवान शेल नेमला. डॅश पॉझिक्सच्या मर्यादेत राहतो. त्याला दुहेरी कंस माहीत नाही. तो [[ या नावाची आज्ञा शोधतो, ती सापडली नाही असा संदेश देतो, आणि ते अपयश इफला पुन्हा एकदा खोटी अट म्हणूनच पोचते. एकेरी कंसात =~ लिहिणाऱ्यांची गत थोडी बरी, कारण टेस्ट ही जुनी आज्ञा ते चिन्ह ओळखत नाही आणि येथे दोन पदांमधले चिन्ह अपेक्षित होते अशी तक्रार तरी करते.

दुसरा पेच असा की बॅश रेग्युलर एक्स्प्रेशन स्वतः जुळवतच नाही. ते काम तो प्रणालीच्या सी भाषेच्या ग्रंथालयाकडे, म्हणजे सर्व प्रोग्रामांसाठी सामाईक असलेल्या कार्यसंचाकडे सोपवतो. म्हणून एकाच आवृत्तीचा बॅश दोन प्रणालींवर दोन तऱ्हेने वागू शकतो. लिनक्सवरील ग्नूच्या ग्रंथालयात शब्दाची सीमा दाखवणारा बॅकस्लॅश-बी चालतो, कारण ती त्या ग्रंथालयाची स्वतःची भर आहे; पॉझिक्समध्ये ती नाही, म्हणून इतरत्र तिचा भरवसा धरता येत नाही. अंकासाठीचे पर्लचे बॅकस्लॅश-डी तर ग्नूच्या ग्रंथालयातही नाही. पर्लच्या शाळेत वाढलेल्या लेखकाची सर्वाधिक फसगत येथे होते, आणि [0-9] किंवा [[:digit:]] यांसारखी पॉझिक्सची लांब रूपे लिहिणे हाच त्यावर खात्रीचा मार्ग आहे.

मराठी मजकूर हाताळणाऱ्याला लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशानुसार ठरणारी लेखनव्यवस्था, हा विषय टाळताच येत नाही. देवनागरीला युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले आणि 1992 च्या सप्टेंबरमध्ये रॉब पाइक यांच्याबरोबर त्याच केन थॉम्पसन यांनी यूटीएफ-8 ही संकेतपद्धती आखली, जिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. ज्या काळात थॉम्पसन यांनी ठिपक्याला कोणतेही एक अक्षर हा अर्थ दिला त्या काळात अक्षर आणि बाइट यांत व्यवहारतः फरक नव्हता. आज क्षी हे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर आहे. युनिकोडच्या दृष्टीने ते क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, आणि बाइट मोजले तर बारा. म्हणून ^.$ हा साचा क्षी या अक्षराला लागू पडत नाही. यूटीएफ-8 चे लोकेल असेल तर चार ठिपके लागतात आणि सी नावाच्या मूळ लोकेलमध्ये तीच स्क्रिप्ट चालवली तर बारा. नियोजित वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टना पुष्कळदा हे मूळ लोकेलच मिळते, त्यामुळे टर्मिनलवर बरोबर चाललेली अट रात्री खोटी ठरते. देवनागरी अंक हा आणखी एक सापळा : सी भाषेच्या मानकाने अंक या वर्गात केवळ 0 ते 9 हे दहा अंक ठेवले आहेत, त्यामुळे ० ते ९ हे आकडे त्या वर्गात येत नाहीत आणि ते साच्यात स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. रोमन अक्षरांच्या पट्ट्याविषयीही सावध राहावे लागते, कारण सी लोकेलबाहेर अशा पट्ट्यात नेमकी कोणती अक्षरे येतात हे पॉझिक्सने निश्चित केलेले नाही.

एडपासून चालत आलेले ओळीचे गृहीतही =~ मध्ये उरलेले नाही. ग्रेपमध्ये ^ आणि $ ही ओळीची टोके असतात. बॅशच्या कंसात ती संपूर्ण मजकुराची टोके असतात, मग त्या मजकुरात दहा ओळी का असेनात, आणि ठिपका नव्या ओळीच्या चिन्हालाही जुळतो. ग्रेपवर चाललेला साचा तसाच उचलून येथे आणणाऱ्याची त्यामुळे निराशा होते. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते; ते मजकुराला चिकटून आत आले की अंकांनंतर लगेच शेवट हवा असे म्हणणारा साचा खोटा ठरतो, आणि पडद्यावर मात्र सर्व काही स्वच्छ दिसते.

अॅपलच्या संगणकांवर बॅशची 3.2 हीच मालिका दिली जात राहिली, कारण 4.0 पासून बॅशला लागू झालेली जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याची तिसरी आवृत्ती त्या कंपनीने स्वीकारली नाही; आणि 2019 पासून तेथे नव्या वापरकर्त्याला पॉल फॉल्स्टॅड यांनी 1990 मध्ये सुरू केलेला झी शेल मिळतो, ज्यात =~ आहे, पण जुळलेला भाग बॅश_रीमॅचऐवजी वेगळ्या नावाच्या चलात ठेवला जातो आणि यादीची मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होते. म्हणून जी स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिली आहे तिच्या पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट लिहावे, आणि जी कोठेही चालावी अशी अपेक्षा आहे तिच्यात दुहेरी कंस वापरूच नये. पॉझिक्सच्या 2024 च्या आवृत्तीतही दुहेरी कंस आणि त्यातील =~ यांना मानक म्हणून स्थान मिळालेले नाही; सर्व शेलना समान असलेल्या जुळणीच्या वाटा अद्याप केस, एक्स्प्र आणि ग्रेप याच आहेत.